पासांचा हिशोब: क्वार्टरबॅकची तुलना करायला स्पोर्ट्स रेफरन्स कितपत पुरते?

वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने २०२१ च्या हंगामात ५,९६७ यार्डांचे पास टाकले आणि त्यांतून ६२ टचडाउन केले. अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागात एका हंगामातले हे दोन्ही आकडे विक्रमी ठरले. त्याच्या दोन वर्षे आधी एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) जो बरोने ५,६७१ यार्ड आणि ६० टचडाउन केले होते. दोन्ही रकान्यांत झॅपी पुढे, तरी झॅपी बरोपेक्षा सरस होता असे म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. हे असे का, ते स्पोर्ट्स रेफरन्स या आकडेवारीच्या साइटच्या कॉलेज फुटबॉल विभागात दहा मिनिटे बसले की बऱ्यापैकी उलगडते. जिथे उलगडत नाही, तिथे दुसरे काय उघडायचे तेही या परीक्षणात आहे.

गोव्यात फुटबॉल म्हणजे फातोर्डा आणि धुळेर, धेंपो की साळगावकर हा जुना वाद. पण ज्या घरातली मुले शिकायला अमेरिकेत गेली आहेत, तिथे शनिवारी रात्री आता या दुसऱ्या फुटबॉलच्याही गप्पा चालतात. विद्यापीठाचा संघ, त्याचा क्वार्टरबॅक, आणि ‘आमचा चांगला की तुमचा’. अशा वादात उतरायचे तर आकडे वाचता यायला हवेत. खेळ नवा असणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो: क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढे पास टाकणारा, आक्रमणाचा म्होरक्या. पास साथीदाराने झेलला तर पूर्ण, जमिनीवर पडला तर वाया, समोरच्याने झेलला तर इंटरसेप्शन. पास टाकण्याआधीच त्याला पाडले तर सॅक. आणि सीमेपलीकडच्या पट्ट्यात झेल घेतला किंवा चेंडू धावत नेला की टचडाउन, सहा गुण.

स्पोर्ट्स रेफरन्सवर खेळाडूचे पान फुकट उघडते, खाते काढावे लागत नाही. पासिंगचा तक्ता सगळ्यात वर असतो. प्रत्येक हंगामाला एक ओळ, आणि ओळीत डावीकडून सामने, पूर्ण पास, टाकलेले पास, टक्केवारी, यार्ड, टचडाउन, इंटरसेप्शन. मग एका पासामागे यार्ड, त्याचीच दुरुस्त आवृत्ती, आणि शेवटाकडे रेटिंग. खेळाडूने विद्यापीठ बदलले असेल तर तेही ओळीत दिसते. खाली धावण्याचा तक्ता. रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की त्या क्रमाने मांडणी होते, आणि तक्त्याच्या वरच्या मेनूतून सगळे आकडे स्वल्पविरामांच्या साध्या मजकुरात मिळतात, ते उचलून एक्सेलमध्ये टाकता येतात. मांडणी रुक्ष आहे, रंगरंगोटी नाही, जाहिराती मात्र भरपूर. मोबाइलवर तक्ता आडवा सरकवत बसावे लागते आणि खेळाडूचे नाव नजरेआड गेले की आपण कुणाची ओळ वाचतोय तेच विसरायला होते. हे काम लॅपटॉपवरचे.

बहुतेकांची पहिली चूक होते ती रेटिंगच्या रकान्यात. रेटिंग हा एकच आकडा सगळे सांगतो असे वाटते, म्हणून तो आधी वाचला जातो. त्याचे सूत्र साधे आहे. यार्डांना ८.४ ने गुणा, टचडाउनना ३३० ने, पूर्ण पासांना १०० ने. सगळ्यांची बेरीज करा. इंटरसेप्शनना २०० ने गुणून त्यातून वजा करा. आणि जे उरेल त्याला टाकलेल्या पासांनी भागा. बरोचा २०१९ चा हंगाम घ्या. ५२७ पैकी ४०२ पास पूर्ण, ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, ६ इंटरसेप्शन. गुणाकारांची बेरीज-वजाबाकी होऊन १,०६,४३६.४ येतात, त्याला ५२७ ने भागले की २०२.०. साइटवरही हाच आकडा आहे.

हे गुणक १९६५ ते १९७८ या चौदा हंगामांच्या सरासरीवरून बसवलेले आहेत. तेव्हाचा सरासरी खेळाडू ४७.१४ टक्के पास पूर्ण करायचा, एका पासामागे ६.२९ यार्ड मिळवायचा, ३.९७ टक्के पासांवर टचडाउन आणि ६.५४ टक्के पासांवर इंटरसेप्शन. हे चारही आकडे सूत्रात घाला, उत्तर बरोबर १०० येते. म्हणजे १०० हा त्या जमान्यातला सरासरीचा टप्पा. आज शंभराच्या रेटिंगवर कुठल्याही मोठ्या संघात जागा टिकत नाही. त्यामुळे १९७५ चा खेळाडू आणि २०२३ चा खेळाडू यांची रेटिंग शेजारी ठेवून निकाल लावणे म्हणजे जुन्या काळच्या पगाराची आजच्या पगाराशी तुलना केल्यासारखे. आधी त्या त्या हंगामातले इतर खेळाडू पाहावेत, मग दोन काळ एकमेकांसमोर आणावेत.

जुन्या काळापेक्षाही मोठी गोम गुणकांत आहे. सगळे गुणक ८.४ ने भागून यार्डांत आणा, म्हणजे सूत्र कशाला किती किंमत देते ते दिसते. टचडाउनची किंमत सुमारे ३९ यार्ड. इंटरसेप्शनचा दंड सुमारे २४ यार्ड. आणि पास नुसता पूर्ण झाला, एक यार्डही पुढे सरकला नाही, तरी जवळपास १२ यार्डांचे बक्षीस! रेषेच्या मागे उभ्या असलेल्या साथीदाराकडे चेंडू ढकलायचा, तो शून्य यार्डांवर पाडला गेला तरी क्वार्टरबॅकचे रेटिंग राखले जाते. उलट चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात देण्याचा दंड फारच हलका. सामना पाहणाऱ्या कुणालाही हा व्यवहार पटणार नाही.

साइटची खरी कमाई म्हणून त्याच ओळीतला दुसरा रकाना, एका पासामागे दुरुस्त यार्ड. यात यार्डांत प्रत्येक टचडाउनचे २० मिळवतात, प्रत्येक इंटरसेप्शनचे ४५ वजा करतात आणि टाकलेल्या पासांनी भागतात. नुसत्या पूर्ण पासाला इथे दमडी मिळत नाही. झॅपीने ६८६ पास टाकले, ११ इंटरसेप्शन दिली. त्याचे उत्तर ९.८ येते. बरोचे १२.५. झॅपी बरोपेक्षा १५९ पास जास्त टाकून फक्त २९६ यार्ड पुढे गेला, म्हणजे त्या जादा प्रत्येक पासामागे दोन यार्डही नाहीत. पहिल्या परिच्छेदातल्या कोड्याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

२०२४ च्या हंगामातले दोन खेळाडू घेतले तर फरक आणखी स्पष्ट होतो. कोलोरॅडोचा शेडूर सँडर्स: ४७७ पैकी ३५३, ४,१३४ यार्ड, ३७ टचडाउन, १० इंटरसेप्शन. मायामीचा कॅम वॉर्ड: ४५४ पैकी ३०५, ४,३१३ यार्ड, ३९ टचडाउन, ७ इंटरसेप्शन. सँडर्सची टक्केवारी ७४.०, वॉर्डची ६७.२. टक्केवारी पाहून सँडर्स अचूक, वॉर्ड बेभरवशाचा असा निष्कर्ष काढणारे त्या हंगामात पुष्कळ होते. रेटिंगमध्ये वॉर्ड १७२.२, सँडर्स १६८.२, म्हणजे उन्नीस-बीस. दुरुस्त यार्डांत वॉर्ड १०.५ आणि सँडर्स ९.३. एका पासामागे सव्वा यार्डाचा फरक, तो साडेचारशे पासांवर पसरा, साडेपाचशे यार्डांच्या वर जातो. दोघे जवळपास सारखे दिसत होते ते फक्त बारा यार्डांच्या त्या फुकटच्या बक्षिसामुळे.

मॅक जोन्सचा २०२० चा हंगाम या रकान्यात १२.८ आहे (४०२ पैकी ३११, ४,५०० यार्ड, ४१ टचडाउन, ४ इंटरसेप्शन), बेकर मेफिल्डचा २०१७ चा १२.९, कायलर मरीचा २०१८ चा १३.०, आणि एलएसयूच्याच जेडन डॅनियल्सचा २०२३ चा तब्बल १३.६. बरो या चौघांच्याही खाली! इथे थांबून ‘बरो पाचवा’ असे जाहीर करायचे नाही, कारण या चौघांनी एका हंगामात ३२७ ते ४०४ पास टाकले आणि बरोने ५२७. दर टिकवणे तीनशे पासांत सोपे, सव्वापाचशेत अवघड. क्रिकेटमध्ये स्ट्राइक रेट आणि धावा दोन्ही एकत्र पाहायची सवय आपल्याला आहेच, तीच इथे वापरावी. या दोन रकान्यांचा निकाल आमच्या मते असा: दरात डॅनियल्स, दर आणि भार मिळून बरो.

आता साइट जे दाखवत नाही त्याबद्दल. पहिली गोष्ट सॅक. व्यावसायिक एनएफएलमध्ये सॅकमध्ये गेलेले यार्ड पासिंगच्या खात्यात वजा होतात. कॉलेजमध्ये एनसीएए या नियामक संस्थेच्या नियमाने ते धावण्याच्या खात्यातून जातात, आणि प्रत्येक सॅक हा क्वार्टरबॅकचा एक ‘धावण्याचा प्रयत्न’ म्हणून मोजला जातो. पासिंगच्या तक्त्यात सॅकचा पत्ताच नसतो. सँडर्सचा २०२३ चा हंगाम उघडा. पासिंगमध्ये २७ टचडाउन, फक्त ३ इंटरसेप्शन, रेटिंग १५१.७, दृष्ट लागावी असे. मग खालच्या तक्त्यात या: १११ वेळा धावला, यार्ड उणे ७७. हा गडी मागे पळत होता काय? नाही. त्या हंगामात त्याला ५२ वेळा सॅक झाला, आणि १११ मधले ते ५२ ‘प्रयत्न’ म्हणजे त्याला जमिनीवर पाडल्याच्या नोंदी. खरे धावणे ५९ वेळाच. इंटरसेप्शन कमी असण्याचे एक कारणही यातच दडलेले असू शकते: धोक्याचा पास टाकण्यापेक्षा चेंडू धरून ठेवला, आणि त्याची किंमत दुसऱ्या तक्त्यात मोजली.

म्हणून दोन खेळाडूंची तुलना करताना धावण्याचा तक्ता न उघडता उठायचे नाही. यार्ड उणे किंवा नगण्य आणि प्रयत्न शंभराच्या आसपास असतील तर तिथे सॅकचा ढीग आहे असे समजावे आणि सॅकचा आकडा सामन्यांच्या अधिकृत गुणपत्रिकांतून मिळवावा. मग दुरुस्त यार्डांच्या सूत्रात वरून सॅकचे यार्ड वजा करायचे आणि खाली, भागाकारात, टाकलेल्या पासांत सॅकची संख्या मिळवायची. ज्याची दहा पासांमागे एकदा गठडी वळली जाते त्याचा दर यात झपकन खाली येतो.

उलट बाजूला लमार जॅक्सन. लुइव्हिलकडून २०१६ मध्ये त्याचे पासिंग रेटिंग १४८.८ होते, वर दिलेल्या सगळ्यांपेक्षा कमी. दुरुस्त यार्ड ९.१. तरी त्या वर्षीचा हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, त्यालाच मिळाला, कारण धावून १,५७१ यार्ड आणि २१ टचडाउन, तेही सॅक वजा जाऊन. पास आणि धाव मिळून ५,११४ यार्ड, ५१ टचडाउन. अशा खेळाडूला पासिंगच्या ओळीत तोलणे म्हणजे अष्टपैलूची फक्त गोलंदाजी पाहून संघनिवड करणे. डॅनियल्सच्या २०२३ च्या पानावरही धावण्याचे १,१३४ यार्ड आहेत, ते १३.६ च्या आकड्यात कुठेच नाहीत.

दुसरी गोष्ट, समोर कोण होते. गोव्यात हे समजवायला फार लांब जायला नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर रणजीच्या प्लेट गटात अरुणाचल प्रदेश ८४ धावांत गारद झाला आणि स्नेहल कौठणकरने नाबाद ३१४, कश्यप बखलेने नाबाद ३०० केल्या. ६०६ धावांची अभेद्य भागीदारी, रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी. विक्रम खरा, धावा खऱ्या, आनंदही खरा. पण त्या तीनशे धावा आणि मुंबईविरुद्ध एलिट गटातल्या तीनशे धावा एका वजनाच्या आहेत असे पर्वरीतला कट्टर पाठीराखाही म्हणणार नाही.

कॉलेज फुटबॉलमध्ये असे सामने दर हंगामाच्या वेळापत्रकातच असतात. वरच्या विभागाचा संघ खालच्या विभागातल्या एखाद्या संघाला घरी बोलावतो, पैसे देतो आणि धुऊन काढतो. याचे टोकाचे उदाहरण १९९० चा ह्यूस्टनचा डेव्हिड क्लिंगलर. त्या हंगामात त्याने ११ सामन्यांत ५४ टचडाउन पास टाकले, त्यातले ११ एकाच सामन्यात, खालच्या विभागातल्या ईस्टर्न वॉशिंग्टनविरुद्ध. निकाल ८४-२१. ५४ हा आकडा कुठेही ठळक छापला जातो. ११ चा हा तपशील शोधावा लागतो. शिवाय २० इंटरसेप्शन, त्यामुळे दुरुस्त यार्ड ८.३ वर येतात. झॅपीच्या ६२ पैकी ७ टचडाउनही पहिल्याच सामन्यातले, खालच्या विभागातल्या टेनेसी-मार्टिनविरुद्ध. याउलट जोन्सच्या अलाबामाला २०२० मध्ये कोरोनामुळे असा एकही सामना मिळाला नाही. नियमित हंगामातले दहाच्या दहा सामने एसईसी या आपल्याच तगड्या गटातले. त्याचे १२.८ म्हणूनच जड.

साइटवर यावर एक अर्धा उपाय आहे. हंगामाच्या पानावर संघांची मानांकने असतात, त्यात ‘एसओएस’ हा रकाना प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ताकद गुणांत सांगतो. शून्य म्हणजे मध्यम, अधिक म्हणजे अवघड वेळापत्रक, उणे म्हणजे सोपे. पण तो संघाचा आकडा आहे, क्वार्टरबॅकच्या ओळीत आपोआप मिसळत नाही. पुरा उपाय हाताने करावा लागतो, आणि त्यासाठी सामनावार नोंदींचे पान आहे. कृती अशी. हंगामाच्या सामनावार नोंदी एक्सेलमध्ये उतरवा. खालच्या विभागातल्या प्रतिस्पर्ध्यांचे सामने काढून टाका. उरलेल्या सामन्यांचे पूर्ण पास, टाकलेले पास, यार्ड, टचडाउन, इंटरसेप्शन यांची वेगवेगळी बेरीज करा आणि मग सूत्र एकदाच लावा. दोन्ही खेळाडूंना तीच चाळणी लावा. एकाचे दोन सामने काढले आणि दुसऱ्याचे ठेवले तर केलेली मेहनत पाण्यात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सामन्यांच्या रेटिंगचीच सरासरी काढणे. समजा एका सामन्यात १० पास आणि रेटिंग २२०, दुसऱ्यात ५० पास आणि रेटिंग १२०. सरासरी काढली तर १७०. पासांच्या वजनाने हिशोब केला तर १३७ सुद्धा होत नाही. तेहेतीस गुणांची तफावत, आणि एक्सेल काही कुरकुर करत नाही.

एका सामन्याने हंगाम किती हलतो तेही पाहण्यासारखे आहे. बरोने २०१९ च्या पीच बोलमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध ३९ पैकी २९ पास पूर्ण करून ४९३ यार्ड आणि ७ टचडाउन केले, इंटरसेप्शन शून्य. हा एक सामना हंगामातून उचलला तर त्याचे रेटिंग २०२.० वरून १९८.९ वर येते, म्हणजे बरोबर मेफिल्डच्या २०१७ च्या आकड्यावर. बारा-पंधरा सामन्यांचा हंगाम, त्यात तीन गुणांचा फरक एका दुपारचा खेळ घडवतो. तेव्हा दोन रेटिंगमध्ये दोन-तीन गुणांचे अंतर असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, चहा प्यावा. (ओक्लाहोमा म्हणजे खालच्या विभागातला संघ नव्हे. तो सामना राष्ट्रीय विजेतेपदाची उपांत्य फेरी होती, म्हणून तो काढायचा नाही. फक्त हेलकावा मोजायला काढून पाहिला.)

‘बोल’ सामन्यांचा आणखी एक खाचखळगा. हंगामाअखेरच्या या सामन्यांचे आकडे एनसीएए २००२ पासून अधिकृत हंगामात धरते. त्याआधीच्या खेळाडूच्या खात्यात तो जादा सामना नाही. त्यामुळे हंगामाच्या एकूण यार्डांची दोन काळांतली तुलना करूच नये, करायचीच तर एका सामन्यामागचा दर घ्यावा. तसेच १९८० च्या दशकातल्या खेळाडूच्या पानावर हंगामाचे एकूण आकडे असतात, सामनावार नोंदी नसतात. चाळणी लावण्याचा वरचा खटाटोप तिथे करता येत नाही.

कारकिर्दीच्या एकूण आकड्यांबद्दल तर बोलायलाच नको. ह्यूस्टनच्या केस कीनमचे १९,२१७ यार्ड सर्वोच्च आहेत. डिलन गॅब्रिएल त्याच्या जवळ पोचला तो सहा हंगाम आणि तीन विद्यापीठे पालथी घालून. कॉलेजकडून ठरावीक हंगामच खेळता येतात, पण २०२० चा हंगाम कोरोनामुळे कुणाच्याच त्या पात्रतेत मोजला गेला नाही, त्याचा फायदा त्या पिढीतल्या अनेकांना मिळाला. बरोने एलएसयूकडून दोनच हंगाम खेळले. कारकिर्दीच्या यादीत वर कोण हे बहुतांशी कोण किती वर्षे कॉलेजात राहिला यावर ठरते.

आता दुसरी दुकाने. ईएसपीएनच्या साइटवरचा क्यूबीआर हा ० ते १०० मधला आकडा फुकट आहे, ५० म्हणजे मध्यम. पास, धाव, सॅक, दंड सगळे एकत्र धरतो, सामना हातातून गेल्यावर जमवलेल्या यार्डांचे वजन कमी करतो, आणि कॉलेजच्या बाबतीत प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीची दुरुस्तीही करतो. शेजारी दुरुस्ती न केलेला कच्चा आकडाही असतो. दोन्हींमधला फरक वाचणे हा त्या पानाचा सर्वांत चांगला उपयोग: कच्चा जास्त आणि दुरुस्त कमी असेल तर समोर लिंबूटिंबू होते. दोष एकच पण मोठा, पूर्ण सूत्र जाहीर नाही. स्पोर्ट्स रेफरन्सवरचा प्रत्येक आकडा तुम्ही कागदावर पडताळू शकता. क्यूबीआरवर विश्वास ठेवावा लागतो. हंगामाच्या सुरुवातीला तर तो जपूनच घ्यावा, दोन-तीन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांची ताकद कुणालाच नीट मोजता येत नाही.

ज्यांना थोडेफार प्रोग्रामिंग येते त्यांनी कॉलेज फुटबॉल डेटा ही साइट पाहावी. ईमेल देऊन प्रवेशाची किल्ली (‘एपीआय की’) फुकट मिळते आणि प्रत्येक खेळीची नोंद उतरवता येते. चौथ्या क्वार्टरमध्ये तीन टचडाउनपेक्षा जास्त फरक असतानाचे पास वगळायचे असतील तर ते काम इथेच होते, सामनावार नोंदींत नाही. पीएफएफ (प्रो फुटबॉल फोकस) ही साइट प्रत्येक खेळीला माणसे बसवून उणे २ ते अधिक २ असे गुण देते. झेलायला सोपा पास साथीदाराच्या हातून सुटला तर त्याचा दोष क्वार्टरबॅकला लागत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला भयानक पास त्याच्या खात्यात पडतो. कल्पना उत्तम, पण सविस्तर आकड्यांना पैसे लागतात. स्पोर्ट्स रेफरन्सचीच स्टॅटहेड ही शोधसेवा सशुल्क आहे: ‘तीनशेहून जास्त पास आणि दुरुस्त यार्ड बारापेक्षा वर’ असले प्रश्न ती चुटकीसरशी सोडवते. घरच्या घरी दोन-चार खेळाडू तोलायला यापैकी कशाचेही वर्गणीदार होण्याची गरज नाही. व्हायचेच असेल तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात, ते मुळात बंद असतात. आणि डॉलरच्या भावावर बँक आपले अधिभार लावते ते किमतीत धरावे.

शोधपेटीत नाव टाकताना सावध. जोश ॲलन टाकले तर एकाच काळातले दोघे येतात, एक वायोमिंगचा क्वार्टरबॅक आणि दुसरा केंटकीचा बचावपटू. विद्यापीठ आणि जागा पाहूनच पान उघडावे. वायोमिंगच्या जोशचा २०१७ चा हंगाम मुद्दाम बघून ठेवण्यासारखा आहे: २७० पैकी १५२, टक्केवारी ५६.३, रेटिंग १२७.८. हाच पुढे एनएफएलच्या २०२४ च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॉलेजची ओळ वाचून पुढचे भविष्य सांगणाऱ्यांना हे पान दाखवावे.

तारखांचेही लक्षात ठेवायला हवे. साइटवरच्या सगळ्या तारखा अमेरिकेतल्या. पूर्व किनाऱ्यावर शनिवारी दुपारी बाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला, आणि संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे पाचला, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजायच्या सुमारास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे मागे गेली की दोन्ही वेळा एका तासाने पुढे सरकतात. तुम्ही रविवारी पाहिलेला सामना नोंदीत शनिवारच्या तारखेने शोधावा.